उंदीर नेमका कधी शिकला?

पेटच्या तयारीत आपण सगळेच एक तक्ता पाठ करतो. वर्तनवाद म्हणजे वॉटसन आणि स्किनर, बोधात्मक दृष्टिकोन म्हणजे टोलमन, सामाजिक अध्ययन म्हणजे बँडुरा. जोड्या लावताना त्याचे गुण मिळतात, म्हणून माझी तक्रार नाही. पण सिनॉप्सिस लिहायला बसलात की हा तक्ता फारसा कामाला येत नाही. तिथे विचारतात, तुम्ही मोजणार काय? आणि ते ठरतं तुम्ही कोणता दृष्टिकोन धरलाय त्यावर. एक जुना प्रयोग सांगते, म्हणजे लक्षात येईल.

१९३० साल. बर्कली इथे टोलमन आणि हॉन्झिक यांनी उंदरांना १४ वळणांच्या भुलभुलैयात सोडलं. प्रत्येक वळणावर एक वाट पुढे जाणारी, एक बंद. उंदीर किती वेळा बंद वाटेत शिरतो तेवढंच मोजायचं. एका गटाला शेवटी रोज अन्न मिळे, दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्या गटाला पहिले दहा दिवस काही नाही, अकराव्या दिवशी मात्र अन्न ठेवलं.

आता तुम्ही थॉर्नडाइकचे विद्यार्थी आहात असं समजा. त्यांच्या १८९८ च्या मांजरांच्या प्रयोगांपासून मांडणी अशी की योग्य प्रतिसादानंतर समाधान मिळालं की संबंध पक्का होतो. या हिशेबाने तिसऱ्या गटाचं शिक्षण अकराव्या दिवशी सुरू व्हायला हवं आणि चुका हळूहळू कमी व्हायला हव्यात. प्रत्यक्षात बाराव्या दिवशीच चुका धाडकन खाली आल्या, पहिल्या गटाच्या बरोबरीला. म्हणजे वाट त्यांना आधीच माहीत झाली होती, फक्त दाखवण्याचं कारण नव्हतं! हेच ते सुप्त अध्ययन. १९४८ च्या लेखात टोलमन यांनी त्याला बोधात्मक नकाशाची जोड दिली.

इथे गाइडमध्ये 'म्हणून वर्तनवाद हरला' असं छापलेलं असतं. तसं झालं नाही. अन्न न मिळणाऱ्या उंदरांच्या चुकाही थोड्या कमी होतच होत्या. मग भुलभुलैयातून बाहेर काढणं हेच छोटं बक्षीस नसेल कशावरून, असा आक्षेप आला. क्लार्क हल यांनी पुढे आपल्या सूत्रात प्रोत्साहनासाठी वेगळा घटक घातला. आणि गंमत म्हणजे टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवत! मोजल्या त्यांनीही चुकाच. फक्त त्या चुकांवरून थेट 'शिकला नाही' असं म्हणायला ते तयार नव्हते.

बँडुरा यांचा १९६५ चा प्रयोग याच वाटेवरचा आहे. मुलांनी फिल्ममध्ये एका मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलं. ज्यांच्या फिल्ममध्ये त्याला शिक्षा झाली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर 'करून दाखव, बक्षीस देऊ' म्हटल्यावर गटांमधला हा फरक पुसला गेला. पाहून शिकली सगळीच होती.

(मनोविश्लेषण आणि मानवतावाद इथे ओढत नाही. त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत.)

आता माझं सांगते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'अध्ययनावरील परिणाम' होतं आणि साधन म्हणून एकच चाचणी, तीही अशी की जिचे गुण कुठेच धरले जाणार नव्हते. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, 'कमी गुण म्हणजे मुलं शिकली नाहीत, की त्यांना लिहायचा कंटाळा आला?' मला उत्तर देता आलं नाही. मसुदा परत आला. दोन आठवडे रागातच गेले, खरं सांगायचं तर.

मग चाचणी दोनदा घ्यायचं ठरवलं. एकदा नुसती, एकदा गुण अंतर्गत मूल्यमापनात धरून. ते खरोखर धरायचे हं, खोटं सांगून चालत नाही. पण दुसरी चाचणी सरावानेही सोपी जाऊ शकते. म्हणून समान काठिण्याच्या दोन प्रश्नपत्रिका केल्या आणि अर्ध्या मुलांसाठी क्रम उलटा ठेवला. दोन्ही वेळच्या गुणांतला फरक हा आता माझ्या प्रबंधातला वेगळा चल आहे.