नागपूरला जुळलेल्या सहा मंडळ्या

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये सहा प्रोटेस्टंट मंडळ्यांनी आपापली जुनी नावे सोडली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे एकच नाव घेतले. महाराष्ट्रात सगळे ज्याला ‘सी.एन.आय.’ म्हणतात ते हेच चर्च. त्या एका दिवसामागे ४१ वर्षांची बोलणी होती. येशू कोण, याबद्दल या सहा जणांत मतभेद नव्हता. बायबल सगळ्यांचे एकच होते. अडले ते बिशपवर आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यावर. जमिनीचा प्रश्न तेव्हा फारसा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता; तो पुढे कोर्टात उभा राहिला.

फूट मुळात कुठली?

ख्रिस्ती पंथांची पूर्ण यादी द्यायची तर हा लेख संपणार नाही. मोठ्या फुटी तीन. इ.स. ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेनंतर इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातल्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. येशूचे देवपण आणि माणूसपण यांची सांगड शब्दांत कशी मांडायची, हा वाद होता. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला आणि पश्चिम युरोपातले चर्चही दुभंगले.

आपल्याकडच्या गोष्टीला खरी सुरुवात होते ती ल्यूथरनंतरच्या इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये. तिथे भांडण बरेचसे कारभाराचे होते. अँग्लिकनांनी पोप नाकारला, पण बिशप ठेवले. प्रेसबिटेरियनांनी बिशपही काढून टाकले आणि निवडलेल्या वडिलांच्या सभेकडे कारभार दिला. काँग्रिगेशनलवाल्यांना तीही सभा नको होती. प्रत्येक गावची मंडळी आपली आपण मुखत्यार. बाप्टिस्टांचे म्हणणे असे की, तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये, जाणत्या वयात त्याने स्वतः मागावा. अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या चळवळीतून मेथॉडिस्ट निघाले. हे सगळे वाद त्या त्या देशाच्या राजकारणातून आले होते. सोलापूरच्या किंवा जालन्याच्या माणसाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

वाटून घेतलेला मुलूख

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ही काँग्रिगेशनल परंपरेची माणसे. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले आणि पुढे सोलापूर, सातारा, वाईपर्यंत काम पसरवले. कोकण, पुणे आणि नंतर नागपूर-जालना इकडे स्कॉटिश प्रेसबिटेरियन आले. नाशिकला अँग्लिकनांचे चर्च मिशन, कोल्हापूरला अमेरिकन प्रेसबिटेरियन, अकोला-अमरावतीला अलायन्स मिशन, डहाणूला ब्रदरन.

एकाने जिथे काम सुरू केले तिथे दुसऱ्याने शिरू नये, असा मिशनऱ्यांचा आपसातला संकेत होता. तो व्यवहाराला धरून होता, पण त्याचा परिणाम विचित्र झाला. कोण कुठल्या पंथाचा, हे श्रद्धेने ठरले नाही, तालुक्याने ठरले. नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा झाला तर काँग्रिगेशनल, कोल्हापूरला झाला तर प्रेसबिटेरियन. त्या माणसाला या दोहोंतला फरक विचारला असता तर त्याने बहुधा आपल्या साहेबाचे नाव सांगितले असते. आजही जुनी माणसे पंथाऐवजी मिशनचे नाव घेतात: ‘आम्ही अमेरिकन मिशनचे’, ‘ते एस.पी.जी.चे’.

संकेत सगळ्यांनी पाळला असेही नाही. १८७० च्या दशकात एस.पी.जी. ही अँग्लिकन संस्था नगर भागात आली आणि अमेरिकन मिशनची बरीच माणसे, त्यांत कामकरीही, तिकडे गेली. त्या भांडणाची कडू चव पुढच्या पिढ्यांपर्यंत राहिली.

कॅथलिकांकडे बोट दाखवून ‘त्यांचे बरे, सगळे एका पोपखाली’ असे म्हणायची सोय मुंबईत तरी नव्हती. इथे काही चर्चेस पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपच्या हुकमतीखाली आणि काही थेट रोमने नेमलेल्या व्हिकरच्या हुकमतीखाली होती. शहर एक, पोप एक आणि सत्ता दोन. हा दुहेरी कारभार १९२८ मध्ये संपला.

रमाबाई आणि टिळक

या आयात फुटीवर आक्षेप घेणारी पहिली ठळक मराठी माणसे म्हणजे पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पण त्यांनी त्या चर्चचे सगळे सिद्धांत निमूट स्वीकारले नाहीत. त्र्यैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला तो आजही वाचण्यासारखा आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्यांना इतके पंथ भेटले की त्या चक्रावून गेल्या. पुढे आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कुठल्याच पंथाला बांधले नाही. गंमत अशी की, १९०५ मध्ये याच मुक्तीत जे आध्यात्मिक उत्थान झाले ते पेंटेकॉस्टल चळवळीच्या आरंभीच्या इतिहासात मोजले जाते. पंथ नाकारणाऱ्या बाईंच्या अंगणातून एका नव्या प्रवाहाला पाणी मिळाले.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये २० वर्षांहून अधिक काळ राहिले आणि १९१७ मध्ये बाहेर पडले. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, ही कल्पना नागपूरच्या ऐक्यापेक्षाही धाडसी होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र टिकली. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक आज पंथ न विचारता मराठी मंडळ्यांत उघडले जाते. माझ्या मते मराठी प्रोटेस्टंटांचे पहिले खरे ऐक्य या पुस्तकात झाले. त्यासाठी कुणाला मसुदा लिहावा लागला नाही.

आधी दक्षिण

मराठी व्याकरण छापणाऱ्या विल्यम केरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८०६ मध्येच सुचवले होते की, सगळ्या पंथांच्या मिशनऱ्यांनी १८१० साली केप ऑफ गुड होप इथे एकत्र बसावे. ते झाले नाही. बरोबर १०० वर्षांनी, १९१० मध्ये, एडिंबरोला तशी परिषद भरली. तिथे व्ही. एस. अझरय्या या तरुण तमिळ कार्यकर्त्याने गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ करता, पण बरोबरीने मैत्री करत नाही. हेच अझरय्या १९१२ मध्ये दोर्नकलचे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. १९१९ मध्ये त्रांकेबार इथे भरलेल्या बैठकीत त्यांनी पुढाकार घेतला आणि दक्षिणेतल्या ऐक्याची बोलणी सुरू झाली.

‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ (सी.एस.आय.) मद्रासला २७ सप्टेंबर १९४७ रोजी स्थापन झाले, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी. अझरय्या १९४५ मध्येच वारले होते. अँग्लिकन चर्च आणि बिशप नसलेली चर्चेस एकाच संघटनेत येण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयोग.

हात कुणी कुणाच्या डोक्यावर ठेवायचा?

आता मुख्य गाठीकडे. अँग्लिकनांच्या मते पाळकाची दीक्षा बिशपच्या हातूनच व्हायला हवी, कारण बिशपांची परंपरा प्रेषितांपासून अखंड आलेली आहे. मग प्रेसबिटेरियन किंवा काँग्रिगेशनल पाळकाने ३० वर्षे दिलेले प्रभुभोजन काय होते? ‘तुम्ही पुन्हा दीक्षा घ्या’ म्हणणे म्हणजे त्याची सारी सेवा रद्द ठरवणे. न म्हणावे तर अँग्लिकनांच्या तत्त्वाला तडा.

दक्षिणेने मार्ग काढला तो असा: आहेत ते सगळे पाळक जसेच्या तसे मान्य, यापुढच्या दीक्षा बिशपच देतील, आणि ज्याची सेवा विवेकबुद्धीला पटत नाही असा पाळक कुठल्याही मंडळीवर लादला जाणार नाही. एका पिढीत, म्हणजे साधारण ३० वर्षांत, प्रश्न आपोआप मिटेल, असा हिशेब होता. तोवर तिकडे इंग्लंडमध्ये या नव्या चर्चशी पूर्ण सहभागिता ठेवायची की नाही यावर वाद चालू राहिला, आणि आंध्रातल्या नंद्याल भागातल्या अँग्लिकनांनी १९४७ मध्ये आत यायला नकार दिला.

उत्तरेने हे पाहिले आणि उलटा रस्ता धरला. आरंभीच सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. अँग्लिकन बिशपच्या डोक्यावरही, बाप्टिस्ट पाळकाच्या डोक्यावरही. या विधीची प्रार्थना मुद्दाम अशी बांधली की, कुणात काय उणे होते ते देवाला ठाऊक, त्याने ते पुरे करावे. अँग्लिकन माणूस तिला दीक्षा समजू शकत होता, प्रेसबिटेरियन तिला आशीर्वाद समजू शकत होता. कुणी याला चलाखी म्हणेल. मला ती शहाणी संदिग्धता वाटते. कारण स्पष्ट शब्द वापरले असते तर त्या दिवशी कथीड्रलमध्ये निम्मी माणसे आलीच नसती.

बाप्तिस्म्याचा प्रश्नही असाच सोडवला. बालपणीचा आणि जाणत्या वयातला असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य. कुटुंबाने हवा तो मार्ग निवडावा. पाळकाला विवेकाविरुद्ध बालबाप्तिस्म्याची सक्ती नाही.

कोण आले, कोण राहिले

ऐक्याच्या योजनेची चौथी आवृत्ती १९६५ मध्ये निघाली, आणि शेवटी सहा जण आले: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथॉडिस्ट. यांतले युनायटेड चर्च १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र येऊन बनले होते, म्हणजे नगर आणि कोल्हापूर तिथेच जुळले होते.

अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र ऐन वेळी, १९७० मध्येच, मागे फिरले. त्यांच्याकडे बिशप आधीपासून होते, चर्चेत ते वर्षानुवर्षे बसले होते, त्यामुळे हा धक्का मोठा होता. सीमेपलीकडे १ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ पाकिस्तानमध्ये त्यांचेच भाऊबंद सामील झाले. म्हणून आज मुंबई-पुण्यात सी.एन.आय. आणि मेथॉडिस्ट अशी दोन्ही चर्चेस दिसतात, आणि बऱ्याच घरांत सासर एकीकडे, माहेर दुसरीकडे असते.

जमीन कुणाच्या नावावर?

मिशनऱ्यांनी शाळा, दवाखाने, बंगले, कब्रस्ताने यांसाठी जमिनी घेतल्या त्या निरनिराळ्या ट्रस्टांच्या आणि संस्थांच्या नावांवर. मंडळ्या एक झाल्या, ट्रस्ट एक झाले नाहीत. महाराष्ट्र आणि गुजरातेत सार्वजनिक न्यासांना १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होता, म्हणजे गाठ धर्मादाय आयुक्तांशी. प्रार्थना करून सातबारा बदलत नाही.

गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने ठरवले की, विलीनीकरणाचा नुसता ठराव पुरेसा नव्हता. संस्था विसर्जित करण्याची कायदेशीर पद्धत पाळली गेली नाही, म्हणून त्या मालमत्ता सी.एन.आय.कडे गेल्या नाहीत. ज्या पिढीने बिशपच्या हातांवर ४१ वर्षे काथ्याकूट केला तिने दस्तऐवजांकडे त्याच्या दशांशाने तरी लक्ष द्यायला हवे होते, असे आज वाटते.

आणखी एक भेद कुठल्याच मसुद्यात कलम म्हणून आला नाही: जात. ती मिशनने आणलेली नव्हती, पण मिशनच्या आवारात ती राहिली, सोयरिकीत दिसते आणि निवडणुकीत तर दिसतेच. दलित ख्रिस्ती लेखक-कार्यकर्त्यांनी हे वारंवार मांडले आहे. पंथांच्या ऐक्याचे कौतुक करणाऱ्या लेखांत हा मुद्दा सहसा गाळला जातो.

रोमची दारे किती उघडली?

कॅथलिक चर्च या सगळ्या बोलण्यांच्या बाहेर होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्यविषयक आदेश काढला आणि सूर बदलला. १९६५ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी १०५४ चे परस्परांवरचे शाप मागे घेतले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. याच मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोप पेटला होता. १८ ते २५ जानेवारी हा प्रार्थनासप्ताह आता अनेक शहरांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून पाळतात.

प्रत्यक्षात सामान्य सभासदाला याचा अर्थ काय? सी.एन.आय., सी.एस.आय. आणि केरळातले मार थोमा या तीन चर्चेसचे १९७८ पासून संयुक्त मंडळ आहे. यांतल्या कुणाच्याही वेदीवर दुसऱ्याला प्रभुभोजन मिळते. पाण्याने आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते, पुन्हा देत नाही. मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद मात्र काही अपवाद सोडता प्रोटेस्टंटांना दिला जात नाही. आणि वसईच्या कॅथलिक मुलीचे नगरच्या सी.एन.आय. मुलाशी लग्न ठरले, तर धर्मगुरूंमार्फत बिशपांची परवानगी आजही काढावी लागते.