एकत्र न चालणाऱ्या आज्ञा

जळगावला सुरतेकडचा लोहमार्ग मुंबई-भुसावळ मार्गाला मिळतो. अशा जंक्शनवर एकमेकांना छेदणाऱ्या दोन मार्गांचे सिग्नल एकाच वेळी मिळाले तर टक्कर होईल. म्हणून सिग्नल यंत्रणेत इंटरलॉकिंग असते. एक मार्ग दिला, की त्याच्या विरोधी मार्ग देताच येत नाही. संगणकाच्या आज्ञांनाही अशी व्यवस्था लागते.

समजा, जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पावसाच्या तालुकावार नोंदी आपण 'पोस्टग्रेस' या डेटाबेसमध्ये ठेवल्या आणि त्यांतील काही बिघडल्या. राखीव प्रतीवरून त्या पुन्हा भरण्यासाठी 'पीजी-रिस्टोअर' हे साधन आहे. त्याला 'क्लीन' हा पर्याय दिला, की ते जुने तक्ते काढून नवे बांधते. 'डेटा-ओन्ली' दिला, तर तक्ते बांधत नाही, फक्त नोंदी भरते. दोन्ही एकदम दिले तर? घर पाडायचे, नवे बांधायचे नाही आणि धान्याची पोती मात्र आत रचायची! साधन ही जोडी नाकारते.

दुसरी जोडी जरा सूक्ष्म आहे. 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' म्हणजे सगळे काम हा एकच व्यवहार. मध्येच काही बिनसले, तर सारे रद्द होऊन डेटाबेस पूर्ववत. 'जॉब्ज' म्हणजे वेळ वाचवण्यासाठी काम अनेक जोडण्यांवर वाटणे. परंतु एक व्यवहार एकाच जोडणीत चालतो. चार जोडण्यांपैकी एक फसली, तरी बाकीच्यांचे काम कायम राहील. म्हणून वेग हवा की हमी, हे आपणच ठरवायचे.

हा नकार डेटाबेसला हात लावण्यापूर्वीच मिळतो, हे महत्त्वाचे. सर्वच साधने असे करत नाहीत. फाइल पुसणाऱ्या युनिक्समधील 'आरएम' या आज्ञेला 'विचारून पूस' आणि 'न विचारता पूस' असे दोन्ही सांगितले, तर ती नंतरचे ऐकते.

मात्र नकार आला नाही म्हणजे आज्ञा योग्यच, असे आम्ही म्हणणार नाही. नुसता 'क्लीन' देऊन जुनी प्रत चालू डेटाबेसवर उतरवली, तर प्रत घेतल्यानंतरच्या नोंदी जातील. यात विसंगती काहीच नाही! इंटरलॉकिंग टक्कर टाळते, पण धुळ्याची गाडी सुरतेला निघाली तर ते अडवत नाही. म्हणून प्रत आधी वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसवर उतरवून पाहावी.

वर्गात विद्यार्थ्यांना विचारा: दहा पर्यायांच्या किती जोड्या तपासाव्या लागतील? उत्तर ४५. तिघांत मिळूनच होणारी भांडणे आणखी वेगळी!