हवेतील टक्करीचा आदेश आणि वैमानिकाचे आज्ञापालन

परभणी जिल्ह्यातील झरीच्या शिवारात उभे राहून आकाशाकडे पाहणाऱ्यास दोन विमानांच्या शुभ्र रेषा माथ्यावर एकमेकींस छेदताना दिसल्या, तर क्षणभर टक्कर झालीच असे वाटते. वस्तुतः सुमारे साडेदहा किलोमीटर उंचीवरील त्या विमानांत किमान १००० फुटांचे, म्हणजे ३०० मीटरांचे, उभे अंतर राखलेले असते. उच्च आकाशात पूर्वी २००० फूट असलेली ही मर्यादा भारतात नोव्हेंबर २००३ मध्ये निम्मी झाली. जमिनीवरील प्रेक्षकाचा दृष्टिभ्रम निरुपद्रवी असतो. परंतु वैमानिकासही समोरचे विमान आपल्यापेक्षा किंचित वर आहे की खाली, हे डोळ्यांनी ठरविता येत नाही, आणि तेथे मात्र हा भ्रम प्राणघातक ठरू शकतो.

झरीवरील आकाश मुंबईच्या उड्डाण-माहिती क्षेत्रात मोडते. याच मुंबई क्षेत्रात ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईहून भोपाळकडे निघालेले एअर इंडियाचे विमान आणि दिल्लीहून पुण्याकडे येणारे विस्ताराचे विमान सुमारे २७,००० फुटांवर एकमेकांच्या फार निकट आले. त्यांच्यातील उभे अंतर सुमारे १०० फूटच उरले होते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. नियंत्रकाने कोणती उंची दिली होती यावर पुढे वाद झाला. तथापि संकटाच्या क्षणी तो वाद सोडविण्यास कोणासही सवड नव्हती. विमानांतील ‘टीकॅस’ या यंत्राने दिलेल्या आदेशांनी ती विमाने परस्परांपासून दूर नेली.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक विमानातील यंत्र सुमारे दर सेकंदास आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला रेडिओ-संकेताने विचारणा करते. उत्तर येण्यास लागलेल्या काळावरून अंतर कळते, आणि उत्तरातच त्या विमानाची उंची सांकेतिक रूपाने आलेली असते. अंतरास परस्परांकडे येण्याच्या वेगाने भागले की टक्करीस उरलेला काळ मिळतो. अंतराऐवजी काळ मोजावा ही कल्पना १९५० नंतरच्या दशकातील असून, सारी यंत्रणा तिच्यावरच उभी आहे. सुमारे ४० सेकंद उरले असता ‘ट्रॅफिक’ असा नुसता इशारा होतो. सुमारे २५ सेकंद उरले असता ‘वर चढा’ किंवा ‘खाली उतरा’ असा आदेश मिळतो. उंचीनुसार या मर्यादा बदलतात. डावी-उजवीकडे वळण्याचा आदेश मात्र यंत्र कधीच देत नाही, कारण दुसऱ्या विमानाची दिशा त्यास स्थूलमानानेच कळते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने २५ सेकंदांत मिळून सुमारे ११ किलोमीटर अंतर कापतात. आदेश ऐकून कृती करण्यास वैमानिकास ५ सेकंद गृहीत धरलेले आहेत. उरलेल्या २० सेकंदांत मिनिटास १५०० फूट या गतीने तो ५०० फूट चढतो. दुसराही तितकाच उतरला, तर दोहोंत १००० फुटांचा फरक पडतो. एकानेच आज्ञा पाळली, तर ५०० फूट. एकाने पाळली आणि दुसऱ्याने नेमके उलट केले, तर दोघेही एकाच दिशेस जातात आणि फरक शून्य राहतो. दोन्ही यंत्रे आदेश देण्यापूर्वी परस्परांशी संकेतांनी बोलून एकास वर व दुसऱ्यास खाली असे ठरवितात. म्हणजे वैमानिकाच्या कानी येणारा आदेश हा एका जोडीचा अर्धा भाग असतो. त्याचा दुसरा अर्धा भाग पाळणारा मनुष्य त्यास दिसतही नाही.

हे गणित कागदावरच राहिले नाही. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात एका जंबो विमानास यंत्राने ‘चढा’ म्हटले. नियंत्रकाने विमानाचा क्रमांक चुकून त्यासच ‘उतरा’ म्हटले. वैमानिक उतरला. दुसऱ्या विमानास यंत्राने उतरण्यासच सांगितले होते. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसे होती. टक्कर थोडक्यात हुकली, परंतु सुमारे १०० जण जखमी झाले. दीड वर्षाने, १ जुलै २००२ रोजी, जर्मनीतील युबरलिंगेन येथे हाच प्रसंग पुन्हा घडला आणि या वेळी टक्कर झाली. रशियन तुपोलेव्ह विमानातील चमूने यंत्राचे ‘चढा’ बाजूस सारून नियंत्रकाचे ‘उतरा’ मानले. मालवाहू बोइंग यंत्राच्या आदेशानुसार उतरतच होते. ७१ जण मृत्यू पावले, त्यांत ५२ मुले होती. तुपोलेव्हच्या वैमानिकांना बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे होईल. जमिनीवरील मनुष्य सारे आकाश पाहतो, यंत्र काही विमानेच पाहते, ही त्यांची शिकवण होती आणि वरवर पाहता ती सयुक्तिकही होती. पण त्या मनुष्यास यंत्राने कोणता आदेश दिला हे ठाऊकच नव्हते.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध करण्यात आला: नियंत्रक विरुद्ध बोलला तरी यंत्राचाच आदेश पाळावा, त्याच्या उलट दिशेस कधीही जाऊ नये, आणि आदेश मिळाल्याचे नियंत्रकास कळवावे. कळविल्यानंतर संकट टळेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाचा मार्ग बदलू पाहावयाचा नसतो. विमानाची गती अपुरी पडून ते कोसळण्याचा किंवा भूमीवर आदळण्याचा इशारा मात्र यापेक्षा श्रेष्ठ मानला जातो.

नियम पाठ होण्यास एक दिवस पुरतो. हातात उतरण्यास तो पुरत नाही. बहुतेक विमानांत वैमानिकास स्वयंचालक बंद करून विमान स्वतः वळवावे लागते, तेही प्रवासी न उधळतील अशा बेताने. घाबरून १५०० ऐवजी ४००० च्या गतीने चढणारा वैमानिक वरच्या थरातील तिसऱ्या विमानापुढे नवे संकट उभे करतो. म्हणून कृत्रिम उड्डाण-कक्षात हा प्रसंग पुनःपुन्हा उभा केला जातो. एअरबसच्या काही नव्या विमानांत स्वयंचालकच आदेश पाळतो.

यंत्राची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. ज्याचा ट्रान्सपाँडर बंद आहे, ते विमान त्यास अस्तित्वातच नसते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी बोइंग व कझाक इल्युशिन यांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्यू पावले, तेव्हा त्या विमानांत टक्करीचा इशारा देणारे हे यंत्रच नव्हते आणि दिल्लीच्या नियंत्रकास रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. वैमानिक तोंडी सांगेल तीच उंची त्याने खरी धरावयाची होती. भारतात हे यंत्र सक्तीचे झाले ते त्यानंतर.