मुअजिजा : चमत्कार, निसर्गनियम आणि श्रद्धा

रज्जब महिन्याची २७वी रात्र आली की अनेक मशिदींत रोषणाई होते, प्रवचने होतात, जागरण केले जाते. ही 'शब-ए-मेराज'. या रात्री पैगंबर महंमद मक्केहून जेरुसलेमला आणि तेथून सप्तस्वर्गांपलीकडे जाऊन परत आले, अशी श्रद्धा आहे. मुंबईतील महंमद अली रस्त्यावरून त्या रात्री जाणाऱ्या बिगरमुस्लिम माणसाच्या मनात एक प्रश्न सहज येतो. ही हकीकत मुसलमान रूपक म्हणून सांगतात, की खरोखर घडलेली घटना म्हणून? परंपरेचे उत्तर निःसंदिग्ध आहे : खरोखर घडलेली. मात्र या उत्तरामागे सुमारे हजार वर्षांची वैचारिक घुसळण आहे. ती ध्यानात घेतली नाही, तर या श्रद्धेला निव्वळ भाबडेपणा ठरवण्याची चूक आपल्या हातून घडते.

खूण आणि आव्हान

चमत्कारासाठी कुराणात प्रामुख्याने 'आयत', म्हणजे खूण, हा शब्द येतो. कुराणातील वचनालाही आयतच म्हणतात. 'मुअजिजा' हा शब्द धर्मशास्त्रज्ञांनी पुढे रूढ केला. त्याचा मूळ अर्थ समोरच्याला असमर्थ करून टाकणारी गोष्ट. नित्याचा क्रम मोडणारी, पैगंबरीच्या दाव्याबरोबर घडणारी आणि जिच्या तोडीचे काही करून दाखवणे प्रतिपक्षाला जमत नाही, अशी घटना म्हणजे मुअजिजा. वलीच्या हातून घडते ती 'करामत'. दर्ग्यांशी निगडित कथा या दुसऱ्या वर्गात मोडतात. जादू त्याहून निराळी, ती निषिद्ध.

मूसाची कथा हा भेद स्पष्ट करते. फिरऔनच्या दरबारात जादूगारांनी आपल्या दोऱ्या आणि काठ्या टाकल्या. मूसाच्या काठीने ते सारे गिळून टाकले. तेव्हा सर्वप्रथम नतमस्तक झाले ते जादूगारच. हातचलाखी कोठे संपते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मूसाची काठी केवळ प्रतीक मानली तर या प्रसंगाचा कणाच मोडतो, असे परंपरावादी म्हणतात. इब्राहीमसाठी थंड झालेली आग, ईसाने मातीच्या पक्ष्यात फुंकलेले प्राण, दुभंगलेला चंद्र यांबाबतही त्यांचे म्हणणे हेच. खूण घडलीच नसेल, तर साक्ष कशाची?

आग, कापूस आणि ईश्वराचा रिवाज

मग निसर्गनियमांचे काय? या प्रश्नाला सर्वांत प्रभावी उत्तर दिले ते अबू हामिद गझाली (१०५८-११११) यांनी. १०९५च्या सुमारास लिहिलेल्या 'तहाफुत अल-फलासिफा' या ग्रंथात त्यांनी आग आणि कापसाचा दाखला घेतला. कापूस आगीजवळ नेला की जळतो, हे आपण पाहतो. परंतु आगीने तो जाळला, हे आपल्याला कधीच दिसत नाही. एका घटनेपाठोपाठ दुसरी घडते, एवढेच दिसते. जाळणारा ईश्वर आहे आणि आगीसोबत जळणे घडवून आणणे हा त्याचा नित्याचा रिवाज आहे. ज्याने रिवाज पाडला, तो एखाद्या प्रसंगी त्याला अपवादही करू शकतो.

या मांडणीत चमत्कार हा निसर्गाचा कायदेभंग उरत नाही. रोजचा सूर्योदय आणि मूसासाठी दुभंगलेला समुद्र या दोन्ही त्याच इच्छेच्या कृती ठरतात. फरक सवयीचा आणि अपवादाचा. ईश्वर सर्वशक्तिमान आहे असे एकदा मानले, की मेराज शक्य आहे का, हा प्रश्न श्रद्धावानाला अवघड वाटत नाही. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न उरतो तो वार्ता विश्वासार्ह आहे का, एवढाच.

स्पेनमधील इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी गझालींना खोडून काढले. कार्यकारणभाव नाकारला तर ज्ञानच अशक्य होईल, हा त्यांचा आक्षेप आजही ताजा वाटतो. तथापि, या तत्त्वज्ञानेही चमत्कार नाकारले नाहीत. धर्माच्या मूलतत्त्वांवर वाद घालू नये, असे सांगून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

अलिगढचा वाद

हा प्रश्न भारतात धगधगता झाला तो १९व्या शतकात. सर सय्यद अहमद खान (१८१७-१८९८) यांनी १८७५ मध्ये अलिगढला शिक्षणसंस्था उभारली. पाश्चात्त्य विज्ञान शिकणारा मुस्लिम तरुण धर्मापासून तुटेल, ही त्यांची चिंता होती. त्यांचे सूत्र सरळ होते : कुराण हे ईश्वराचे वचन आणि निसर्ग हे ईश्वराचे कार्य, दोहोंत विसंगती असूच शकत नाही. म्हणून १८८०पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या कुराणभाष्यात त्यांनी मेराजला स्वप्न म्हटले आणि मूसाने ओहोटीच्या वेळी समुद्र ओलांडला, असा अर्थ लावला.

प्रतिक्रिया तीव्र उमटली. सर सय्यद आणि त्यांचे अनुयायी यांना 'नेचरी' हे उपहासाचे नाव मिळाले. मक्केतूनही त्यांच्याविरुद्ध फतवा आणला गेला. हैदराबादेत वास्तव्यास असलेल्या जमालुद्दीन अफगाणी यांनी १८८१ मध्ये नेचरींच्या खंडनार्थ पुस्तिका लिहिली. ओहोटीच असेल तर ती ईश्वरी खूण कसली, या आक्षेपात जोर होता. दुसरीकडे, बीजगणित आणि पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला काय सांगावे, हा सर सय्यद यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

परंपरेतील मोकळी जागा

शब्दशः अर्थाचा आग्रह धरणारी परंपराही एकसुरी नाही. मेराजमध्ये पैगंबरांचा देह जागचा हलला नाही, प्रवास आत्म्याचा होता, असे पैगंबरपत्नी आयेशा यांच्या नावे सांगितलेले मत प्राचीन चरित्रग्रंथात नोंदलेले आहे. बहुसंख्य उलेमांनी सदेह प्रवासाचे मत ग्राह्य धरले. तरी वेगळे मत पुसून टाकले नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कुराण स्वतःच चमत्कारांच्या मागणीला लगाम घालते. जमिनीतून झरा काढून दाखव, आकाशात चढून ग्रंथ आण, अशा मागण्या मक्केतील विरोधकांनी केल्या. तेव्हा आपण केवळ माणूस आणि संदेशवाहक आहोत, असे उत्तर देण्याचा आदेश पैगंबरांना झाला. या ग्रंथासारखा एक अध्याय रचून दाखवा, हे आव्हान मात्र कायम ठेवले गेले. कुराण हाच चिरंतन मुअजिजा, ही धारणा यातूनच दृढ झाली. इजिप्तचे महंमद हुसेन हैकल यांनी १९३५ मध्ये लिहिलेल्या पैगंबरचरित्रात याच धारणेवर भर दिला.

अलीकडे इंटरनेटवर चंद्रावरील एका लांबलचक भेगेचे छायाचित्र चंद्र दुभंगल्याचा 'पुरावा' म्हणून फिरत असते. १९६९ मध्ये अपोलो १० मोहिमेत टिपलेली ती घळ सुमारे ३०० किलोमीटर लांबीची आहे. चंद्र दुभंगून पुन्हा जुळल्याचे ती सिद्ध करत नाही. गझालींना अशा छायाचित्राची गरज वाटली नसती. ज्या घटनेचे वर्णनच नित्यक्रमाला अपवाद असे आहे, तिचा पुरावा नित्यक्रमाच्या शास्त्राकडे मागणे हा घोटाळाच होय.

सर सय्यद यांचे निकटचे सहकारी मोहसिन-उल-मुल्क यांना त्यांची ही भाष्यपद्धती मान्य नव्हती. पत्रांतून त्यांनी स्पष्ट हरकती घेतल्या, सर सय्यद यांनी उत्तरे दिली. एकमत झाले नाही. कॉलेजातील धर्मशिक्षण सर सय्यद यांनी परंपरानिष्ठ उलेमांच्या हाती ठेवले, आपली मते विद्यार्थ्यांवर लादली नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये, कॉलेजची धुरा आली ती मोहसिन-उल-मुल्क यांच्याकडेच. समुद्र कसा दुभंगला, यावर दोघांचे जमले नाही. संस्था मात्र त्यांनी दुभंगू दिली नाही.