मिनी ट्रॅक्टरची बॅटरी: बंद पडायच्या आधी बदला!



मिनी ट्रॅक्टर घेऊन द्राक्षबागांत भाड्याने फवारणी करायचा विचार आहे? मग आधी एक हिशोब करू. समजा, तुम्ही एकरी ६०० रुपये घेता आणि सकाळी ५ एकर उरकता. म्हणजे ३,००० रुपये. त्यातच रात्री पाऊस झाला, डाऊनीची भीती, बागायतदार पहाटेपासून वाट बघतोय. तुम्ही चावी फिरवता आणि ट्रॅक्टर नुसता ‘टक्’ करतो! त्या दिवशीचं भाडं तर जातंच, पण गिऱ्हाईक दुसऱ्याला फोन लावतं. ते परत येईलच असं नाही.

म्हणून बॅटरीचं काम हंगामाच्या आधी, सर्व्हिसिंगमध्येच उरका.

आधी तपासा, मग खर्च करा. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर साधारण १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. ती चार्ज करून पुन्हा तपासा. चार्ज करूनही रात्रीत उतरत असेल, तर बदलायची वेळ झाली. आता इंजिन चालू करून बघा. आकडा १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा. तो वाढतच नसेल, तर दोष अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंगमध्ये असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार. पैसे पाण्यात!

बदलताना क्रम चुकवू नका. इंजिन बंद, चावी काढलेली, हातमोजे आणि चष्मा घातलेला. जवळ विडी-काडी नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. आधी निगेटिव्ह केबल सोडा, मग पॉझिटिव्ह. उलटं केलंत आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. केबलच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि कोरडी करा. नवी बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. टर्मिनलला व्हॅसलिन लावा. पट्टी घट्ट आवळा, कारण शेतातल्या हादऱ्यांनी आतल्या प्लेटा खराब होतात.

खरेदी करताना जुनी बॅटरी सोबत न्या. मापं, ॲम्पिअर-अवर आणि पॉझिटिव्ह टर्मिनल कुठल्या बाजूला आहे, तेवढं जुळवा. जुनी भंगारात फेकू नका. त्यात शिसं आणि ॲसिड असतं, शिवाय दुकानदार तिची किंमत नव्यातून वजा करतो. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडायचं नाही.

शेवटचं काम: वहीत बॅटरीसाठी वेगळं पान करा. बसवल्याची तारीख, किंमत, वॉरंटी कधी संपते आणि दर महिन्याचा व्होल्टेज लिहा. आकडा घसरायला लागला की ओळखा, पैसे बाजूला काढायची वेळ आली. धंद्यात खर्च चुकत नाही, पण तो कुठल्या दिवशी करायचा हे आपल्या हातात ठेवता येतं.