खाद्यभांडी उचलायला चरखी कशी निवडाल?

कोंबड्यांच्या खर्चात मोठा वाटा खाद्याचा. भांडे खाली राहिले की कोंबड्या दाणे उकरून तुसात घालवतात. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच हवी. पिल्ले वाढतील तशी भांडी वर घ्यायची. म्हणून सगळी रांग एकाच हातचरखीवर टांगलेली बरी.

चरखीचा रंग पाहू नका. मूठ सुटली तरी चाक उलटे फिरू न देणारा खटका आहे ना, ते बघा. दहा किलोच्या बारा भांड्यांत खाद्यच १२० किलो, भांडी नि नळीचे वजन वेगळे. चरखी एकूण वजनाच्या दुप्पट पेलणारी घ्या. वाशांना भार झेपेल का, तेही सुताराला विचारा.

अलिबाग-मुरूडकडे खरा वैरी खारा वारा. साधी लोखंडी तार लवकर गंजते, तीही कप्पीच्या वळणावर, जिथे नजर जात नाही. नायलॉनची दोरी गंजत नाही खरी, पण उंदीर कुरतडतात. स्टेनलेस स्टीलची तार महाग पडते, तरी तीच घ्या. महिन्यातून एकदा तारेवरून फडके फिरवा. नुसत्या हाताने चाचपू नका. फडके अडकले तर तारेचा पीळ तुटू लागलाय समजा, ती लगेच बदला. रांग वर घेताना पोरांना खाली उभे राहू देऊ नका.