'अंतिम सितारा' आणि मागणीचे अर्थशास्त्र

चित्तरंजन येथील कारखान्यातून जून १९७० मध्ये वाफेचे एक इंजिन बाहेर पडले. त्याला 'अंतिम सितारा' असे नाव देण्यात आले. मालगाड्या ओढण्यासाठी बांधलेल्या 'डब्ल्यूजी' या वर्गातील ते शेवटचे इंजिन होते. याच वर्गाच्या तेथील पहिल्या इंजिनाचे नाव 'देशबंधू'. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी ते राष्ट्राला अर्पण केले होते. मधल्या दोन दशकांत देशी व परदेशी कारखान्यांनी मिळून या वर्गाची सुमारे २,४५० इंजिने बांधली.

या इंजिनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रगत देश डिझेल आणि विजेकडे वळत असताना आपण वाफेच्या इंजिनांचा नवा कारखाना उभारला, हा कालबाह्य यंत्रावर केलेला अपव्यय नव्हे काय? आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

भारतात इंजिने बांधण्याचे कौशल्य नव्हते असे नाही. अजमेरच्या रेल्वे कारखान्याने १८९५ मध्येच एक इंजिन बांधून दाखवले होते. तरीही १८६५ ते १९४१ या काळात ब्रिटनमधून सुमारे १२ हजार इंजिने आली आणि देशात बांधली गेली ती सातशेहून कमी. सरकारने १९२१ मध्ये देशी निविदा मागवण्याचे आश्वासन दिले. त्या भरवशावर जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली. पण मागण्या आल्या नाहीत. कंपनीने संरक्षण मागितले, तेव्हा १९२४ मध्ये टॅरिफ बोर्डाने निर्वाळा दिला की, किफायतशीर उत्पादनाला पुरेल एवढी मागणीच देशात नाही. अखेर तो कारखाना सरकारने घेतला आणि तेथे डब्यांचे सांगाडे तयार होऊ लागले.

मागणी नाही म्हणून कारखाना नाही, आणि कारखाना नाही म्हणून मागणी परदेशी जाते, असे हे दुष्टचक्र होते. वस्तुतः मागणी ही आकाशातून पडणारी गोष्ट नव्हे. खरेदी करणारा कोण आणि तो काय ठरवतो, यावर ती अवलंबून असते. इंजिनांचे नमुने प्रमाणित करण्याचे प्रयत्न १९०३ पासूनच सुरू झाले होते. पण त्यांचा लाभ प्रामुख्याने ब्रिटिश कारखान्यांच्या पदरात पडला. नमुना, खरेदीदार आणि कारखाना हे तिन्ही देशात एकत्र आले ते स्वातंत्र्यानंतरच.

या दृष्टीने डब्ल्यूजीची रचना पाहण्यासारखी आहे. पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ चालक चाके आणि मागे पुन्हा दोन लहान चाके, अशी तिची मांडणी. चालक चाकाचा व्यास ५ फूट दीड इंच. प्रवासी गाड्यांसाठीच्या 'डब्ल्यूपी' इंजिनाची चाके याहून मोठी होती. लहान चाकाने वेग घटतो, पण ओढ वाढते, आणि मालगाडीला ओढच हवी असते. ही ओढ सुमारे ३९ हजार पौंडांची होती. मागच्या लहान चाकांवर रुंद भट्टी बसवता आली. आपल्या कोळशात राख फार. तो जाळून पुरेशी वाफ मिळवायची तर भट्टीची जाळी प्रशस्त हवी. शिवाय बॉयलर व इतर अनेक भाग डब्ल्यूपीशी समान ठेवल्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान दोन्ही वर्गांना उपयोगी पडले. टॅरिफ बोर्डाच्या निर्वाळ्याला सर्वांत समर्पक उत्तर या आराखड्यानेच दिले, असे म्हणता येईल.

अर्थात या यशाची किंमत होती. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम सहा-सात टक्केच कामी आणते. देशाचा कोळसा वाहणारी रेल्वे स्वतःच कोळशाची मोठी ग्राहक होती. आणि हा कोळसा यंत्राने नव्हे, फावड्याने भट्टीत जात असे. मे महिन्याच्या उन्हातही फायरमनला ते चुकत नसे. १९५० च्या भारतात भांडवल व परकीय चलन दुर्मीळ होते, कोळसा आणि मनुष्यबळ मुबलक. म्हणून ही निवड त्या काळी समर्थनीय ठरते. पण ज्या श्रमाला आपण स्वस्त म्हणतो, तो करणाऱ्याच्या देहाला स्वस्त पडत नाही, हे हिशेबाच्या वहीत कुठे तरी लिहिले गेले पाहिजे.

संरक्षित उद्योगाची खरी परीक्षा मात्र पुढेच असते. हातची वस्तू सोडून देण्याची वेळ आली की तो काय करतो? ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीनेही डब्ल्यूजी बांधली. त्यांपैकी एक इंजिन १९५१ च्या ब्रिटन महोत्सवात लंडनमध्ये अभिमानाने मांडले होते. त्या नामांकित कंपनीला वाफेकडून डिझेलकडे जाणे साधले नाही आणि १९६२ मध्ये तिचे दिवाळे निघाले. चित्तरंजनने मात्र वाफेची इंजिने बनवत असतानाच १९६१ मध्ये विजेचे पहिले इंजिन बाहेर काढले. मुंबईकडील विद्युतमार्गांच्या जातीच्या त्या इंजिनाचे नाव 'लोकमान्य' ठेवले गेले. ब्रॉडगेजवरील वाफ १९९५ मध्ये निवाली. आज तेथे विजेची इंजिने तयार होतात.

तेव्हा २,४५० इंजिने ही या प्रयत्नाची खरी मिळकत नव्हे. ती भंगारात गेली आणि जायचीच होती. उरले ते ओतकाम, जोडणी, मोजमाप यांत मुरलेले हात आणि पुढचे यंत्र शिकण्याची सवय. आज नव्या उद्योगांना सवलती देताना आपण कारखाने किती उभे राहिले तेवढेच मोजतो. त्यांना किती काळ आधार द्यायचा आणि त्या काळात त्यांनी काय शिकायचे, हे दोन प्रश्न त्याच दिवशी विचारले पाहिजेत. 'देशबंधू' बांधणाऱ्या देशाला 'अंतिम सितारा' हे नाव ठेवण्याचे धैर्यही दाखवता आले, यातच त्या धोरणाचे शहाणपण होते.